स्वयंपाकघराला दार

आमच्या स्वयंपाकघराला दार नव्हतं. भिवंडी तालुक्यातल्या आमच्या घरात ओटीवरून माजघरात आणि माजघरातून थेट चुलीपाशी जाता यायचं. मध्ये चौकट होती, पण तिला फळी नव्हती. भुकेलं कोणी आलं तर त्याने सरळ चुलीपर्यंत यावं, अशीच ती मांडणी. आढ्याला शिंकं होतं, ते मांजरासाठी. माणसापासून अन्न राखायचं असतं, हे आमच्या घराला ठाऊकच नव्हतं.

२०१८ च्या दिवाळीनंतर माझ्या धाकट्या भावाने सुतार बोलावला आणि त्या चौकटीला दार बसवून घेतलं. भाऊ गोदामात कामाला. आमच्याकडे भाताच्या शेतांवर आता गोदामं उभी राहिली आहेत, त्यामुळे कुलपांची त्याला चांगली पारख. त्याने जाड कोयंडा लावला, पितळी कुलूप घातलं आणि किल्ली करगोट्याला बांधली.

सुताराने थट्टेने विचारलं, "काय दादा, सोनं ठेवलंय काय आत?"

भाऊ म्हणाला, "भाकऱ्या हायेत."

सुतार हसला. भाऊ हसला नाही.

ते कुलूप त्याच्या सहा वर्षांच्या मुलासाठी होतं. माझा पुतण्या. त्याचं नाव इथे लिहीत नाही, गावाने त्याला आधीच पुष्कळ नावं ठेवली आहेत.

हा मुलगा जन्मला २०१२ च्या पावसाळ्यात. जन्मला तो कापसाच्या बाहुलीसारखा लुळा. रडणं नाही, हातपाय झाडणं नाही, आणि दूध ओढायची ताकदही नाही. माझी आई आणि भावजय बोंडल्याने थेंब थेंब दूध त्याच्या घशात उतरवायच्या. एक वाटी दूध संपायला तास जायचा. अंगणवाडीच्या ताई दर महिन्याला वजन करायच्या आणि कार्डावरची रेघ खाली गेली की घरी धावत यायच्या. त्यांचं काही चुकत नव्हतं. आमच्या जुन्या ठाणे जिल्ह्यानेच १९९२-९३ साली जव्हार तालुक्यातल्या वावर-वांगणीत कुपोषणाने मेलेली मुलं पाहिली होती. आमच्या भागात वजन या शब्दाची भीती एकाच बाजूची. ते कमी पडू नये.

दुसरं वर्ष सरल्यावर तो खायला लागला. त्या वर्षी घरात जो आनंद झाला तो लग्नातही झाला नसेल. पोराने भाकरी मागितली! आईने वज्रेश्वरीला जाऊन ओटी भरली. कार्डावरची रेघ चढू लागली, चढत चढत सगळ्या रंगांच्या वर गेली. रेघ खाली गेल्यावर धावत येणारी माणसं ती वर गेल्यावर हसून "आता बाळसं धरलंय" म्हणाली. आम्हीही तेच म्हणालो.

चौथ्या वर्षी तो कच्चे तांदूळ खाताना सापडला. मग डब्यातली सुकट, परातीतलं मळलेलं पीठ, एकदा तर गोठ्यातली पेंड. शाळेत गेला तेव्हा खिचडी खाऊन झाल्यावर दुसऱ्यांच्या ताटांकडे वळायचा. रात्री दोनला उठून अंधारात भांडी चाचपायचा. जेवून उठल्यावर पाच मिनिटांत म्हणायचा, "भूक लागली." आम्हाला वाटायचं खोड आहे. त्याच्या डोळ्यांत मात्र खोडी नसायची. त्यात खरीच भूक असायची, दोन दिवस उपाशी राहिलेल्या माणसाच्या डोळ्यांत असते तशी.

आमच्याकडे हळदीची जेवणं मोठी. एका हळदीत लोकांनी त्याला मांडवाच्या मध्ये बसवलं आणि जिलब्या वाढत गेले. "बग तरी किती खातो!" मोबाइलवर शूटिंग झालं, पैजा लागल्या. मी तिथेच होतो. मी थांबवलं नाही. उलट म्हणालो, "आमचा भीम आहे तो." हे वाक्य मला आजही टोचतं.

भीमाचं एक नाव वृकोदर, म्हणजे लांडग्याचं पोट असलेला. बकासुरासाठी गाडाभर अन्न नेलं ते वाटेत भीमानेच फस्त केलं. दोघेही अफाट खाणारे. एकाचं खाणं बळ ठरलं आणि दुसऱ्याचं पाप. माझा पुतण्या चार वर्षांचा गोंडस होता तोवर भीम होता. सहाव्या वर्षी वीस-एकवीस किलोच्या जागी चाळीसचा झाला, धापा टाकू लागला, दुसऱ्याच्या ओट्यावरचे पापड उचलू लागला, आणि गावाने त्याला बकासुर केलं. तो तोच होता, त्याची भूक तीच होती.

आणि दोष गेला भावजयीकडे. आईने लाडावलं, आईला धाक नाही. भगताने अंगारा दिला. एका डॉक्टरने थायरॉइड तपासलं, ते ठीक निघालं. दुसऱ्याने कागदावरून मान वर न करता सांगितलं, "बाई, तुमच्याच हातात आहे. खायला देऊ नका." ती दवाखान्याच्या पायरीवर बसून रडली. पोर चुलीतली राख चाळून करपलेला पापुद्रा शोधतं, त्याच्या आईला हे सांगायचं?

शेवटी आम्ही कल्याणहून लोकल धरून परळला गेलो. तिथल्या एका मोठ्या रुग्णालयात मुलांच्या डॉक्टर बाईंनी वजनाचं काही विचारलंच नाही. त्याचा हात हातात घेतला. वयाच्या मानाने तळवा छोटा, बोटं बारकी. मग भावजयीला विचारलं, "तान्हा असताना दूध ओढायचा का?"

चार वर्षं आम्ही सगळ्यांना हा किती खातो ते सांगत होतो. तो खात नव्हता तेव्हाचं कोणी विचारलंच नव्हतं. उत्तर तिथे होतं. रक्ताची तपासणी झाली आणि काही आठवड्यांनी आजाराला नाव मिळालं: प्राडर-विली सिंड्रोम. झुरिकच्या प्राडर, लाबहार्ट आणि विली या डॉक्टरांनी १९५६ मध्ये त्याचं वर्णन केलं. पंधरा-वीस हजार जन्मांत एखादं मूल असं असतं. आधी लुळं आणि न खाणारं, मग कधीच न धपणारं.

बाईंनी समजावलं ते असं. माणसाच्या गुणसूत्रांच्या तेवीस जोड्या. पंधराव्या जोडीतल्या एका बारीक तुकड्यावरची काही जनुकं फक्त बापाकडून आली तरच काम करतात, आईकडची गप्प असतात. बापाकडचा तो तुकडा गळला की ते काम करायला कोणी उरत नाही. मग पोट भरल्याचा निरोप मेंदूच्या तळाशी जसा पोचायला हवा तसा पोचत नाही. पोट भरतं, पण मेंदू उपाशीच राहतो. शिवाय या मुलांचे स्नायू सैल, म्हणून बरोबरीच्या मुलांपेक्षा कमी खाऊनही वजन वाढतं. त्यांना सहसा उलटी होत नाही, पोटातली दुखणीही नीट कळत नाहीत. एखाद्या जेवणावळीत भलतंच खाल्लं तर पोट फाटून जीवही जाऊ शकतो. मला मांडवातल्या जिलब्या आठवल्या.

"बापाकडचा तुकडा" म्हटल्यावर माझ्या भावाने मान खाली घातली. बाई लगेच म्हणाल्या, "तुमचंही काही चुकलेलं नाही. बहुतेक वेळा हा नुसता अपघात असतो." भावजय काही बोलली नाही. लोकलमध्ये बसल्यावर मात्र खिडकीबाहेर बघत म्हणाली, "म्हणजे माझ्या हातात नव्हतंच." नावाने आजार बरा झाला नाही. पण चार वर्षांचं ओझं त्या बाईच्या डोक्यावरून उतरलं, तेवढं काम त्या नावाने केलं.

पुढे मी वाचलं की १६८० साली स्पेनच्या दरबारात सहा वर्षांची एक अतिशय लठ्ठ मुलगी आणली होती. राजाने कारेन्यो नावाच्या चित्रकाराकडून तिची दोन चित्रं काढून घेतली, एक कपड्यांतलं आणि एक उघडं. ती माद्रिदच्या प्रादो संग्रहालयात आहेत. तिला हाच आजार असावा असं बऱ्याच डॉक्टरांना वाटतं. राजाच्या दरबारात कुंचला होता, आमच्या मांडवात मोबाइल. बघणाऱ्यांची नजर तीच.

परळहून आल्यावर दार बसलं. आणि खरा प्रश्न तिथून सुरू झाला.

शेजारची म्हातारी ओट्यावर येऊन बोलली, "काय गो, पोराला भुका ठेवतेस? अन्नाला कुलूप लावलंस, लक्ष्मी रुसंल." तिला गावंढळ म्हणून हसता येत नाही. दारी आलेल्याला विन्मुख पाठवू नये हा आमचा सगळ्यात जुना धर्म आहे. कुत्र्याला, कावळ्याला, वासुदेवाला सगळ्यांना घास. मग घरच्याच पोराला, तो रडून मागत असताना, नाही म्हणायचं? त्याची भूक खोटी असती तर सोपं होतं. ती खरी आहे. फक्त अन्न हे तिच्यावरचं उत्तर नाही.

मला ते सोसलं नाही. एका दुपारी तो कुलपाशी बसून दाराच्या फटीला नाक लावून वास घेत होता. मी त्याला गोठ्यामागे नेलं आणि तांदळाची अर्धी भाकरी दिली. त्याने ती दोन घासांत संपवली आणि माझ्याकडे असं पाहिलं की मला वाटलं, आज मी पुण्य केलं.

दुसऱ्या दिवशी त्याच वेळी तो गोठ्यामागे उभा. तिसऱ्या दिवशीही. मी गेलो नाही तर ओरडला, आईला मारलं, स्वतःच्या मनगटाला चावला. आठ दिवस घरात कोणी झोपलं नाही. शेवटी मी डॉक्टर बाईंना फोन करून कबूल केलं. त्या रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "भाकरी केव्हाच पचली असेल. पण आता त्याला वाटतंय की मिळू शकते. ते पचायला वेळ लागेल." जेवण नक्की कधी आहे हे कळलं आणि मध्ये काही मिळणार नाही याची खात्री पटली, की ही मुलं बरीच शांत राहतात. त्यांना पोखरते ती अधूनमधून मिळणारी आशा.

मी पुष्कळ विचार केला. ती भाकरी मी कोणासाठी दिली? त्याचं रडणं मला ऐकवत नव्हतं. थांबवायचं होतं ते माझं दुखणं. त्याची भूक अर्ध्या भाकरीने थांबणारी नव्हती, हे मला ठाऊक होतं. माझं चांगुलपण मात्र तेवढ्यावर जेवून तृप्त झालं. दयेलाही हाव असते, आणि तिला कोणी हावरट म्हणत नाही.

मग नाही म्हणणं हाच धर्म का? तेही मला पुरतं पटेना. किल्ली ज्याच्या कमरेला तो मालक, आणि मालकाच्या नकाराला प्रेम म्हणायचं तरी कसं? याचं उत्तर मला आईकडून मिळालं. पंचाहत्तरीची बाई. दुपारी तीनला चहात बटर बुडवून खायची, हीच तिची आयुष्यभराची चैन. वर्षभर तिने कुलपाला हात लावला नाही, "माज्याच्यान होनार नाय" म्हणायची. एक दिवस तिने पाहिलं की तिच्या कपाकडे नातू बघतोय. मागत नव्हता, नुसता बघत होता. दुसऱ्या दिवसापासून तिने बटर बंद केलं. मग भाऊ गोदामातून येताना वडापाव खायचा तो बंद झाला. माझं शेंगदाणे चघळणं गेलं. घरात सगळ्यांनी तीनच वेळा, एकाच वेळी, मोजून वाढलेलं जेवायचं असं ठरलं.

कुलपाचा अर्थ मला त्या दिवशी कळला. दार त्याच्यासाठी बसवलं होतं, पण ते सगळ्यांसाठी बंद झालं तेव्हा त्यातली सजा गेली. जो नकार आपण दुसऱ्याला देतो तो स्वतःही पाळला, तर त्याला प्रेम म्हणायला जागा राहते. नाहीतर तो नुसता गोदामाचा पहारा.

आणि आम्ही ज्याला संयम म्हणतो त्याचाही अभिमान माझ्यात उरला नाही. गीतेने युक्त आहाराची थोरवी सांगितली आहे. पण चौथ्या भाकरीला मी "पुरे" म्हणतो त्यात माझं कर्तृत्व किती आणि पंधराव्या जोडीतल्या त्या तुकड्याचं किती? माझं शरीर आधी पुरे म्हणतं, मी फक्त त्याचं बोलणं उच्चारतो. हा मुलगा शरीराच्या कसल्याच मदतीशिवाय दोन जेवणांमधले पाच तास काढतो. आमच्या घरात संयमी कोण, हे मला आता नक्की सांगता येणार नाही.

तो आता तेराचा आहे. वाढीच्या हार्मोनचं इंजेक्शन रोज रात्री घ्यावं लागतं. ते महाग, उशिरा सुरू झालं. केंद्राच्या २०२१ च्या दुर्मिळ आजार धोरणात या उपचाराचा उल्लेख आहे, त्यासाठी कागदपत्रांच्या खेपा चालू असतात. या आजारातल्या भुकेवरच्या पहिल्या औषधाला मार्च २०२५ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली. आमच्या हातात मात्र अजून किल्लीच आहे. गावही बदललं आहे. सप्ताहाच्या महाप्रसादाला वाढपी त्याच्या पानापाशी आला की आधी भावजयीकडे बघतो. ती म्हातारी आता पळी उचलताना दुसरीकडे तोंड करते, पण जास्त वाढत नाही.

तो अठराचा होईल तेव्हा किल्ली कोणाकडे असावी, हे मला अजून उमगलेलं नाही. मोठ्या माणसाच्या अन्नाला कुलूप लावायचा हक्क कोणाला आहे? गेल्या पावसात भावजय घाईत कुलूप उघडंच टाकून शेतावर गेली. घरात तो आणि आई दोघंच. आई सांगते, तो बराच वेळ दारासमोर उभा राहिला. मग ओटीवर येऊन म्हणाला, "आजी, कुलूप लाव. मला भूक लागते."

आईने उठून कुलूप लावलं.

दुसऱ्या दिवशी त्यानेच लोखंडी सळीने तो कोयंडा उचकटायचा प्रयत्न केला. दोन्ही खरं आहे. आम्ही दोन्ही लक्षात ठेवलं आहे.