अर्धा निरोप

हसवणाऱ्या दोघांचं बिनसलं तर हसणाऱ्यांनी काय करावं? हा प्रश्न मला आयुष्यात दोनदा पडला. पहिल्यांदा पडला तेव्हा मी चड्डीतलं पोरगं होतो, आणि जे केलं ते चुकीचं केलं. दुसऱ्यांदा पडला तो माझ्या पुतण्यामुळं. आधी पुतण्याचं सांगतो, मग माझं.

२०१७ च्या सुरुवातीची गोष्ट. पुतण्या आठवीत होता. शाळेच्या गॅदरिंगमध्ये त्यानं आणि त्याच्या दोस्तानं कपिल शर्मा आणि सुनील ग्रोवरची नक्कल केली. पुतण्या कपिल झाला, आणि दोस्त बहिणीचा पंजाबी ड्रेस घालून, दोन वेण्या बांधून गुत्थी. कपिल अमृतसरचा, सुनील हरियाणाचा. पण जवळा बाजारच्या पोरांच्या तोंडात त्यांची हिंदी आली की ती निजामाच्या मुलखातली होऊन जायची, ‘कायकू’ आणि ‘नक्को’वाली. अख्खा मांडव हसला. हळदीच्या भावानं मेटाकुटीला आलेली माणसंही हसली. पुढं महिनाभर त्या दोघांना गावात कुणी खऱ्या नावानं हाक मारली नाही.

मार्चमध्ये बातमी आली. कपिल आणि सुनील ऑस्ट्रेलियातले कार्यक्रम करून परत येताना विमानातच त्यांचं भांडण झालं. कपिलनं चारचौघांत सॉरी म्हटलं. सुनीलनंही चारचौघांतच उत्तर दिलं, की तू माझं मन फार दुखावलंस, माणसांचा मान राखायला शिक. सुनीलनं कार्यक्रम सोडला. त्याच्यामागं अली असगर आणि कपिलचा लहानपणापासूनचा मित्र चंदन प्रभाकर हेही बाजूला झाले. काही महिन्यांत तो कार्यक्रम बंद पडला. याआधी २०१३ च्या अखेरीसही सुनील असाच निघून गेला होता, आणि काही महिन्यांनी परत आला होता. म्हणून पोरांना वाटलं, येईल की. तो आला नाही.

तेव्हा गावात जिओचं सिम नवं होतं. पोरं पारावर बसून मोबाईलवर भांडणाच्या बातम्या बघायची आणि खाली शिव्या लिहायची. माझा पुतण्या कपिलच्या बाजूनं, दोस्त सुनीलच्या बाजूनं. ‘तुझ्या कपिलला माज आलाय.’ ‘तुझा सुनील बेइमान हाय.’ एक दिवस दोघं एकमेकांच्या अंगावर गेले. पुतण्याचा शर्ट फाटला. त्यानंतर एका बाकावर बसणारी ही पोरं एकमेकांकडं बघेनाशी झाली. ज्या दोघांनी जवळा बाजार कधी पाहिलाही नसेल, त्यांच्यापायी.

वहिनी म्हणाली, “भावजी, तुम्ही तरी समजावा की ह्याला.” मी गप्प बसलो. मला काय समजावायचं तोंड होतं?

आता माझं सांगतो. मी लहान होतो तेव्हा हिंगोली जिल्हा झालेला नव्हता, तो झाला १९९९ ला. आम्ही परभणीतच मोडायचो. गणपतीच्या दहा दिवसांत गावात सोंगं व्हायची. त्यात एक जोडी होती, टेलरमामा आणि हॉटेलवाले नाना. मामा सासू व्हायचे आणि नाना सून. मामा काटकुळे आणि नाना पैलवान गडी. त्या पैलवानानं डोक्यावर पदर घेऊन “आत्याबाई” म्हटलं की अर्धं गाव लोळायचं. आम्ही पोरं त्यांना जवळ्याचे काळू-बाळू म्हणायचो. खरे काळू-बाळू म्हणजे सांगलीकडच्या कवलापूरचे लहू आणि अंकुश खाडे. जुळे भाऊ, अख्खं आयुष्य एका फडात काढलं त्यांनी. आम्हाला वाटायचं, मामा आणि नानाही तसेच, तुटूच शकत नाहीत.

पण दोघांची शेतं शेजारी होती आणि पाटाचं पाणी एकच. एका उन्हाळ्यात भुईमुगाच्या पाळीवरून शब्दाला शब्द वाढला. मोठं भांडण नव्हतं. अशी भांडणं गावात होतात आणि पोळ्यापर्यंत मिटतात. ह्यांचंही मिटलं असतं.

गणपती महिन्यावर आला होता. मी मामाच्या दुकानात काजं करायला बसायचो. मनात एकच घोर, औंदा सोंग होतं का नाही. मी मामाला विचारलं, “नानासंगं बोलणार का न्हाई?” मामा मशीन थांबवून म्हणाले, “बोलायची अक्कल न्हाई त्या नान्याला. पर त्याच्याबिगर माझं सोंग उभं राहत न्हाई, बाबा.”

मी तिथून उठलो ते थेट नानांच्या हॉटेलात गेलो. चार माणसं चहा पीत बसलेली होती. नानांनी विचारलं, “काय म्हणतो तुझा मामा?” मी म्हणालो, “तुम्हाला बोलायची अक्कल न्हाई म्हणतेत.”

हॉटेल खदखदून हसलं. कुणीतरी माझ्या पाठीवर थाप मारली. नानांनी स्वतःच्या हातानं मला भज्याची प्लेट दिली. पुढचं वाक्य माझ्या तोंडात होतं. पण हशा झाला होता, भजी गरम होती आणि पुढच्या वाक्याला कुणी हसणार नव्हतं. मी ते गिळलं.

त्या गणपतीत सोंग झालं नाही, पुढच्याही नाही. गावात मामाचे आणि नानांचे असे दोन गट पडले. आणि बघा, गट पाडणारे कोण, तर आम्हीच, जे त्यांच्या सोंगाला सगळ्यात पुढं पोतं टाकून बसायचो. इकडचं तिकडं सांगायचो, तिकडचं इकडं. प्रत्येक फेरीला शब्द थोडा तिखट व्हायचा. दोघं एका गल्लीत म्हातारे झाले, पण एकमेकांशी बोलले नाहीत.

कुणी म्हणेल, ती दोन मोठी माणसं होती, एका पोराच्या बोलण्यावर का गेली? मीही वर्षानुवर्षं मनाची अशीच समजूत घातली. आणि त्यात थोडं खरंही आहे. जोडीतल्या माणसांचा हिशेब बाहेरच्याला कळत नाही. टाळी दोघांना मिळून पडते, पण घरी जाताना प्रत्येकजण मनात ती वाटून घेतो, आणि वाटणी कधीच सारखी येत नाही. सासू मोठी का सून मोठी? कपिलच्या नावाचा कार्यक्रम, पण गुत्थीला बघायला बसलेलं घर. असल्या गाठी आतल्या आत बसतात. त्या आपल्यामुळं बसत नाहीत. पण ओढून घट्ट कोण करतं?

अमेरिकेत डीन मार्टिन आणि जेरी लुईस अशी एक जोडी होती. १९४६ पासून दहा वर्षं त्यांनी लोकांना हसवलं आणि १९५६ ला फुटले. पुढं वीस वर्षं जवळजवळ अबोला. १९७६ मध्ये जेरीचा टीव्हीवर एक मदतनिधीचा कार्यक्रम चालू होता. तिथं फ्रँक सिनात्रा हा गायक डीनला घेऊन आला आणि जेरीपुढं उभं केलं. दोघांनी मिठी मारली. त्यांना चाहते लाखो असतील, पण हे काम एका मित्रानं केलं. चाहत्याला जोडी हवी असते ती स्वतःच्या हसण्यासाठी. जोडी फुटली की त्याचं काहीतरी हरवतं, मग तो रागानं एक बाजू धरतो आणि दुसऱ्याला झोडपतो. त्याला तो प्रेम म्हणतो. मीही नानांवर आणि मामावर प्रेमच करत होतो.

मामा वारले तेव्हा नाना मातीला आले. लांब, बाभळीखाली उभे राहिले. तेराव्यानंतर मी त्यांच्या घरी गेलो आणि सगळं सांगितलं. गिळलेलं वाक्यही सांगितलं. नाना बराच वेळ तंबाखू मळत राहिले.

“अर्धंच सांगितलं तू, हे मला तव्हाच कळलं होतं,” ते म्हणाले. “नुसतं वाईट बोलून थांबणारा गडी नव्हता त्यो. पर मला राग धरायचा होता, बाबा. तू निमित्त दिलंस, म्या घेतलं.”

त्यांनी मला माफ केलं का, ते मला आजही सांगता येत नाही. मीही विचारलं नाही.

मार्च २०२४ मध्ये पुतण्या पुण्याहून सुट्टीला आला होता. त्यानं मोबाईल पुढं धरला. नेटफ्लिक्सवर कपिलचा नवा कार्यक्रम आला होता आणि त्यात सुनील! सात वर्षांनी दोघं एका स्टेजवर, आणि विमानातल्या त्याच भांडणावर विनोद करायलेत. पुतण्या हसत होता. मी विचारलं, “तुझा तो गुत्थी कुठंय रे?” म्हणाला, “हाय की गावातच, टेम्पो चालवतो. काही बोलणं नसतं.”

मी त्याला मामा-नानांची ही गोष्ट त्या रात्री पहिल्यांदा सांगितली. समजावलं काहीच नाही. फक्त मला जे कळलंय ते सांगितलं. हसवणाऱ्यांच्या हशावर आपला हक्क असतो, त्यांच्या दोस्तीवर नसतो. त्यांनी एकत्र यावंच असं आपण म्हणू शकत नाही. सुनीलला सात वर्षं लागली, लागू देत. ते दुखणं त्याचं होतं. पण आपल्याकडून एवढं व्हावं, की बाजू धरू नये, आणि निरोप न्यायचाच असेल तर पुरा न्यावा. ज्या वाक्याला कुणी हसत नाही, तेही न्यावं.

पुतण्या काही बोलला नाही. सकाळी बघतो तर अंगणात गाडी नव्हती. वहिनी म्हणाली, बाजारात गेलाय, टेम्पो स्टँडकडं.