चित्रकथा, चित्रपट आणि धर्माधर्मविचार

पुष्कळ सद्गृहस्थांची अशी तक्रार असते की, मुले चित्रकथांच्या पुस्तकांत गुंग असतात, मोठी माणसे चित्रपटांत. धर्माधर्माचा विचार घरात कोणीच करीत नाही. या तक्रारीत मुळीच तथ्य नाही असे नव्हे. परंतु तिच्या मुळाशी एक शंका आहे, तिचे समाधान प्रथम झाले पाहिजे. जी वस्तू करमणुकीसाठीच निर्माण झाली, तिच्या द्वारे धर्माधर्माचा गंभीर विचार होऊ शकेल काय?

भरतमुनींच्या नाट्यशास्त्राचा पहिला अध्याय याच शंकेचे उत्तर देतो. इंद्रादी देवांनी ब्रह्मदेवाकडे जे मागितले ते एक खेळणेच होते. मात्र डोळ्यांनी पाहता यावे आणि कानांनी ऐकता यावे असे. ब्रह्मदेवाने चारही वेदांचे सार घेऊन नाट्यरूपी पाचवा वेद निर्माण केला आणि तो सर्व वर्णांना खुला ठेवला. पहिल्या प्रयोगात दैत्यांचा पराभव दाखविण्यात आला, तेव्हा दैत्य रुष्ट झाले व त्यांनी विघ्ने आणली. त्यांची समजूत घालताना ब्रह्मदेवाने सांगितले की, नाट्य हे केवळ देवांचे गुणगान नव्हे. देव आणि दैत्य या उभयतांच्या शुभाशुभ कर्मांचे त्यात दर्शन आहे. अर्थात् करमणूक आणि विवेक यांचे वैर नाही. मात्र प्रतिपक्षाचेही मन जेथे दाखविले जाते, तेथेच विवेकाला काम मिळते.

चित्रांच्या आधारे कथा सांगण्याची रीतही या देशास नवी नाही. बंगालचे पटुआ, राजस्थानचे भोपे, कोकणातील पिंगुळीचे चित्रकथी हे सारे तेच करीत आले. महात्मा गांधींनी आपल्या आत्मकथेत बालपणीच्या दोन आठवणी दिल्या आहेत. गावोगाव चित्रे दाखवीत फिरणाऱ्या लोकांकडे त्यांनी आंधळ्या मातापित्यांना कावडीतून नेणारा श्रावण पाहिला. पुढे एका नाटक मंडळीने केलेले हरिश्चंद्राचे नाटक त्यांच्या पाहण्यात आले. ते नाटक त्या मुलाने मनातल्या मनात असंख्य वेळा केले आणि सर्वच माणसे हरिश्चंद्रासारखी सत्यवादी का होत नाहीत, हा प्रश्न त्याला लागून राहिला. एक चित्र आणि एक खेळ. परंतु त्यांतून उठलेला प्रश्न जन्मभर पुरला. त्याच हरिश्चंद्राची कथा दादासाहेब फाळके यांनी 1913 साली मूकपटात आणली. 1967 साली अनंत पै यांनी 'अमर चित्र कथा' ही माला सुरू केली, तेव्हा कृष्ण, कर्ण, प्रल्हाद यांच्या कथा रंगीत चित्रांतून मुलांच्या हाती आल्या.

पौराणिक विषय असला म्हणजेच धर्मविचार होतो, असेही नाही. 1957 सालच्या 'मदर इंडिया' या चित्रपटातील राधा ही शेतकरीण दारिद्र्य सोसून मुले वाढविते. तिचा लाडका मुलगा बिरजू सावकाराच्या अन्यायाने पेटून दरोडेखोर होतो आणि सावकाराच्या मुलीला पळवून नेऊ लागतो. त्याचा संताप अकारण नाही, हे प्रेक्षक जाणतो. तरीही गावच्या लेकीची अब्रू राखण्यासाठी राधा स्वतःच्या पुत्रावर गोळी झाडते आणि त्यालाच कवटाळून रडते. येथे गीतेचा आरंभ आठवावा. धृतराष्ट्राच्या पहिल्याच प्रश्नात 'माझे' आणि 'पांडूचे' असा भेद आहे. त्या 'माझे'पणापायी भर सभेत कुलवधूची विटंबना होत असता तो वेळीच उठला नाही. जे राजाला साधले नाही, ते एका अशिक्षित मातेने केले. तिने केले ते योग्यच काय, यावर दोन मते होतील. पण प्रश्न खरा आहे आणि तो प्रत्येक मातापित्याचा आहे.

तथापि सर्वच चित्रपट व चित्रकथा अशा नसतात. कित्येकांत दुष्ट हा केवळ मार खाण्यासाठी असतो. तो मार खातो, टाळ्या पडतात आणि विचार तेथेच संपतो. मग निवड कशी करावी? गीतेच्या अठराव्या अध्यायात भगवंतांनी दिलेली कसोटी येथेही लागू पडते. जे आरंभी विषासारखे पण परिणामी अमृतासारखे ते सात्त्विक सुख. जे आरंभी अमृतासारखे पण परिणामी विषासारखे ते राजस. ज्या कथेने पाहणाऱ्याच्या मनाला थोडा चटका बसतो आणि घरी परतल्यावर तो स्वतःला तपासू लागतो, ती पाहण्यायोग्य. जिच्यामुळे केवळ क्रोध व वासना चाळवते, ती टाळण्यायोग्य.

परंतु उत्तम कथाही अर्धेच काम करते. राधेसाठी अंधारात डोळे पुसणारा गृहस्थ घरी येऊन आपल्या मुलाने शेजाऱ्याचा केलेला अपराध झाकू लागला, तर ते अश्रू व्यर्थ गेले. श्रवणानंतर मनन हवे, तसे दर्शनानंतरही हवे. म्हणून वडीलधाऱ्यांनी मुलाच्या हातचे पुस्तक हिसकावून घेऊ नये, किंवा ते देऊन निश्चिंतही होऊ नये. त्याच्याजवळ बसून विचारावे, "बाळ, कर्णाच्या जागी तू असतास तर काय केले असतेस?" आणि तोच प्रश्न मुलाने उलट विचारला, तर त्याचे खरे उत्तर देण्याचे धैर्य ठेवावे. ज्या घरात हे घडते, तेथे खेळण्यातूनही वेदाचे काम होते.