अश्रू आणि श्रद्धा

घरात मृत्यू झाला की सांत्वनासाठी आलेली माणसे बहुधा एकच वाक्य उच्चारतात : ‘रडू नका, देवाची इच्छा!’ हेतू चांगलाच असतो. परंतु त्या वाक्यामागे एक गृहीत दडलेले आहे. ज्याची श्रद्धा बळकट, त्याचे डोळे कोरडे राहावेत, हे ते गृहीत. पवित्र शास्त्राच्या कसोटीला ते उतरते काय? हा प्रश्न केवळ पंडितांचा नाही; नुकतेच मूल गमावलेल्या आईचा तो प्रश्न आहे. आपण रडतो म्हणजे आपला विश्वास उणा पडला, असे तिला वाटू लागले, तर दुःखावर अपराधाचे ओझे चढते.

संत योहानाच्या शुभवर्तमानातील अकरावा अध्याय या दृष्टीने पुन्हा वाचण्यासारखा आहे. बेथानीला निघण्यापूर्वीच, आपण लाजरला उठवायला जात आहोत, हे येशूने शिष्यांना सांगितले होते. शेवट त्याला ठाऊक होता. तरीही मरीयेचा आकांत पाहून त्याच्या डोळ्यांतून अश्रू वाहिले. आशा मावळल्यामुळे आलेले ते अश्रू नव्हते. प्रेमातून आलेले होते, आणि जमलेल्या लोकांनीही ते तसेच ओळखले. अश्रूंपूर्वी येशूच्या मनातील खळबळ सांगण्यासाठी योहानाने योजलेले ग्रीक क्रियापद तर इतरत्र संतापाने खडसावण्यासाठी वापरले जाते. हा संताप मृत्यूवरचा की उपस्थितांच्या अविश्वासावरचा, याविषयी भाष्यकारांत मतभेद आहेत. मात्र त्या कबरेपाशी उभा असलेला येशू निर्विकार नव्हता, एवढे निश्चित.

संत मार्कने रेखाटलेला येशूही असाच आहे. शब्बाथ दिवशी वाळलेल्या हाताच्या माणसाला बरे करताना तो रागाने आणि खेदाने सभोवार पाहतो; बालकांना अडवणाऱ्या शिष्यांवर रुष्ट होतो; धनवान माणसाकडे पाहताच त्याच्याविषयी त्याला प्रेम वाटते. हेच तीन प्रसंग मत्तय आणि लूक यांनीही सांगितले आहेत. पण राग, रोष आणि प्रेम यांचे ते तिन्ही उल्लेख त्यांच्याकडे आढळत नाहीत. मार्कचे शुभवर्तमान सर्वांत आधीचे, असे बहुतेक अभ्यासक मानतात. नंतरच्या लेखकांना प्रभूच्या अशा उघड भावनांचा संकोच वाटला असेल काय? कारण काहीही असो, ख्रिस्तसभेने मार्कचे शब्द पुसून टाकले नाहीत. चारही शुभवर्तमाने तिने शेजारी शेजारी ठेवली.

संकोच मात्र पुढेही राहिला. सुखदुःखाच्या लाटांनी न हलणारे मन हा स्टोइक तत्त्वज्ञांचा आदर्श होता. स्थितप्रज्ञाच्या कल्पनेशी परिचय असलेल्या आपल्या मनालाही तो परका वाटत नाही. अलेक्झांड्रियाच्या क्लेमेंटने तर ख्रिस्त पूर्णपणे विकाररहित होता, असे प्रतिपादन केले. संत अगस्टीनने ‘देवाचे नगर’ या ग्रंथाच्या चौदाव्या भागात या आदर्शाची परखड चिकित्सा केली : ज्याने खरा मानवी देह आणि खरे मानवी मन धारण केले, त्याच्या भावना खोट्या कशा असतील? या प्रश्नाचा दाह अगस्टीनने स्वतः सोसला होता. इ. स. 387 मध्ये ओस्तिया येथे त्याची आई मोनिका वारली, तेव्हा त्याने अश्रू बळाने रोखून धरले. टाहो फोडणाऱ्या त्याच्या कोवळ्या मुलालाही सर्वांनी गप्प केले. पुढे एकांतात, देवासमोर, त्याने ते अश्रू वाहू दिले. त्या रडण्यात कुणाला पाप दिसलेच, तर त्याने आपल्याला हसू नये, आपल्यासाठी रडावे, अशा आशयाचे त्याने लिहून ठेवले आहे.

मग प्रत्येक भावना पवित्र मानायची काय? तसे शास्त्र म्हणत नाही. काइन रागावला, तेव्हा देवाने त्याला रागाचे कारण विचारले आणि दाराशी टपलेल्या पापाविषयी सावध केले. तोवर काहीच बिघडले नव्हते. काइनने देवाला उत्तर दिले नाही. तो भावाकडे वळला, आणि रक्त सांडले. याउलट स्तोत्रकर्ता आपला कडवटपणा देवालाच ऐकवतो. अठ्ठ्याऐंशीव्या स्तोत्राचा शेवट तर काळोखातच होतो. आशेचा एक शब्दही तिथे नाही. तरी देवाला हाक मारणे त्याने सोडलेले नाही. आम्हा धर्मगुरूंच्या नित्यप्रार्थनेत ते स्तोत्र शुक्रवारच्या रात्रीसाठी नेमलेले आहे. काइन आणि स्तोत्रकर्ता यांच्यातील फरक भावनेच्या तीव्रतेत नाही. ती भावना कुणापुढे नेली, यात आहे. भावना उद्भवणे आपल्या हाती नसते. तिला कोणत्या दिशेने वळवायचे, हे पुष्कळ अंशी आपल्या हाती असते, आणि नीतीचा प्रश्न तिथेच सुरू होतो.

संत पौलानेही थेस्सलनीकाकरांना शोक करू नका, असे सांगितलेले नाही. आशाहीन माणसांसारखा शोक करू नका, असे सांगितले. रोमकरांना तर त्याने रडणाऱ्यांसोबत रडण्यास सांगितले. रडणाऱ्यांना समजावण्यास नव्हे.

ईयोबाचे मित्र पुढे पुष्कळ बोलले, आणि अखेरीस देवाने त्यांना दोष दिला. तक्रार करणाऱ्या ईयोबाचे बोलणे मात्र योग्य ठरवले. पण त्याच मित्रांनी सुरुवातीला एक मोठी गोष्ट केली होती. सात दिवस आणि सात रात्री ते त्याच्याजवळ जमिनीवर बसून राहिले, आणि कुणीही एक शब्द उच्चारला नाही. शोकाकुल घराचा उंबरा ओलांडताना आपण एवढे जरी स्मरणात ठेवले, तरी त्या आईला आपले अश्रू लपवावे लागणार नाहीत.