आधीच्याचे पोर

उन्हाळ्यात अजिंठ्याच्या डोंगरात पाणी आटले की वानरांच्या टोळ्या खाली उतरतात. पाचोरा तालुक्यातल्या डोंगरकडेच्या गावांना हे नवे नाही. हुप्प्या लिंबाच्या शेंड्यावर बसतो, बाकीची टोळी खाली पाला ओरबाडते. कुत्रे दिसले की वरून खाकरल्यासारखा आवाज येतो आणि पोटाशी पिल्ले धरून माद्या सरसर झाडावर चढतात. बघणारा म्हणतो, पुढारी असावा तर असा!

पण हा हुप्प्या त्या टोळीत उपराच असतो. टोळी म्हणजे माद्यांचा गोतावळा. आजी, आई, मावश्या, लेकी. त्या बहुधा तिथेच जन्मतात, तिथेच मरतात. नर बाहेरून येतो, आधीच्याला हुसकावून जागा घेतो आणि काही वर्षांनी स्वतःही हुसकावला जातो. व्यंकटेश माडगूळकरांनी वानरांच्या याच झगड्यावर ‘सत्तांतर’ ही कादंबरी लिहिली. १९८३ साली तिला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला.

सत्ता हाती आल्यावर नवा हुप्प्या कित्येकदा आधीच्याची अंगावर पिणारी पिल्ले मारतो. युकिमारू सुगियामा या जपानी अभ्यासकाने १९६०च्या दशकात धारवाडच्या रानात हे नोंदवले. पुढे अबूच्या डोंगरात वानरांचा अभ्यास करणाऱ्या सारा हर्डी यांनी त्याचे कारण मांडले. पिल्लू पीत असेतो आई सहसा माजावर येत नाही, ते गेले की लवकर येते. हुप्प्याच्या हाती वेळ थोडा, आणि त्याला वंश हवा असतो स्वतःचा.

आपल्याकडे निकाल लागतो, गुलाल उधळतो, नवा सरपंच किंवा सोसायटीचा नवा चेअरमन खुर्चीवर बसतो. आधीच्याने अर्ध्यावर आणलेला बंधारा तसाच पडून राहतो. चालू योजनेची पाटी बदलून पुन्हा नारळ फुटतो. बंधारा कोणाच्या काळातला, हे खालच्या विहिरीला ठाऊक नसते. ती फक्त कोरडी पडते. हुप्प्याला दोष देता येत नाही, त्याला दुसरी वाट माहीत नाही. आपल्याला माहीत आहे, म्हणून आपला दोष मोठा.

अबूला हर्डी यांनी आणखी एक पाहिले. पिल्लावर झडप पडली की म्हाताऱ्या माद्या आडव्या जात. टोळीत त्यांचा मान शेवटचा, अंगात बळ बेताचे, तरी त्या दांडग्या नराच्या अंगावर धावून जात. माझ्या लेखी टोळीचे पुढारपण त्यांच्याकडे आहे.

गावातही अशी माणसे असतात. एखादे निवृत्त गुरुजी, बचतगटातली एखादी मावशी. त्यांचे पॅनल नसते, पोस्टर नसते. नव्या सरपंचाच्या पहिल्या ग्रामसभेत त्यांनी उठून एवढेच विचारावे: आधीचे कोणते काम पुरे करणार, आणि कधी? आणि मिळेल ते उत्तर प्रोसिडिंगमध्ये लिहायला लावल्याशिवाय खाली बसू नये.