आठ प्रहरांतला एक निमिष



आजचं चिंतन : श्रीमद्भगवद्गीता, अध्याय १२, श्लोक ८ ते ११

रोजचा हरिपाठ होतो. एकादशी चुकत नाही. फोनच्या वॉलपेपरवर विठुमाउली उभी आहे. आणि तरीही एखाद्या रात्री मनात येतंच, देव माझ्या आयुष्यात आहे खरा, पण माझ्या जवळ आहे का? लांबच्या मोठ्या नातेवाइकासारखा तर नाही ना, ज्याला सणावाराला नमस्कार करायचा आणि मग आपल्या कामाला लागायचं?

तुम्हालाही असं होत असेल तर घाबरू नका. तुकोबांनी ही तळमळ सासरी निघालेल्या, पुन्हा पुन्हा मागे वळून पाहणाऱ्या लेकीत पाहिली. ज्या घराशी नातंच नाही, त्या घराकडे कोण वळून बघेल? ओढ वाटते, कारण माहेर आहे.

आता आजच्या श्लोकांकडे या. भगवंत अर्जुनाला आधी सर्वात वरची गोष्ट सांगतात : मन आणि बुद्धी माझ्यातच ठेव, मग तू माझ्यातच राहशील. आणि लगेच, जणू अर्जुनाचा चेहरा बघून, एक पायरी खाली येतात. ते जमत नसेल तर अभ्यास कर. अभ्यासही जमत नसेल तर जी कामं करतोस ती माझ्यासाठी कर. तेही होत नसेल तर निदान फळाची आस सोड.

आपण हे सगळं "भक्तीच्या पायऱ्या" म्हणून पाठ करतो. पण मला यात देवाची धडपड दिसते. "जमत नाही? बरं, मग असं कर" असं तीन वेळा कोण म्हणतं? ज्याला आपण हवे आहोत, तोच. जवळ येण्याची ओढ फक्त आपल्याच बाजूने आहे असं कोण म्हणेल?

ज्ञानेश्वर माउलींनी तर ही पायरी आणखी खाली आणली. नवव्या श्लोकावर माउली जे सांगतात त्याचा भाव असा, की आठ प्रहरांमधलं एक निमिष तरी मला देत जा. आठ प्रहर म्हणजे आपले चोवीस तास. निमिष म्हणजे पापणी लवायला लागतो तेवढा वेळ. एवढंच! आणि मग काय होईल? शरद ऋतू लागला की नदीचं पाणी कसं हळूहळू ओसरतं, तसं मन संसारातून ओसरत जाईल. नदीला कुणी उपसत नाही. ऋतू बदलतो, पाणी आपसूक उतरतं.

गेल्या वर्षी माझे बाबा आजारी होते. रात्री त्यांच्या खाटेशेजारी बसून मी विठ्ठलाकडे मागत होतो. तेच तेच मागणं, पुन्हा पुन्हा. एका रात्री मागायलाही शब्द उरले नाहीत. मग मी त्याला नुसतं सांगितलं, "आज बाबांनी अर्धी वाटी पेज खाल्ली. मी खूप दमलोय रे." बस. बाबा त्यातून उठले नाहीत. पण त्या रात्री खोलीत मी एकटा नव्हतो, एवढं मी आजही सांगू शकतो.

तेव्हा जनाबाई जरा कळली. नामदेवांच्या घरची दासी ती. दळण-कांडण, शेण-गोवऱ्या, यातच तिचा दिवस जायचा. तिच्या अभंगांत देव जात्याला हात लावतो, तिला न्हाऊ घालतो. ती त्याच्यावर चिडते, त्याला शिव्याही घालते. कामं संपवून निवांत भेटू, असं तिने देवाला कधी सांगितलं नसणार, कारण तिची कामं संपणारीच नव्हती. म्हणून तिने त्याला कामातच बोलावलं.

आपली मराठी बघा ना, आपण देवाला "अहो" म्हणत नाही. आईला म्हणतो तसं सरळ "तू" म्हणतो. जवळीक भाषेतच दिलेली आहे. फक्त "तू" म्हणून झाल्यावर पुढचं सगळं अर्ज लिहिल्यासारखं बोलायचं थांबवलं पाहिजे.

आजच्या दिवसासाठी एवढंच : लोकलमध्ये, जिन्यात, मीटिंग सुरू व्हायच्या आधी, कुठेही एक निमिष थांबा. काही मागू नका. आत्ता मनात जे आहे ते त्याला सांगा. राग असेल तर रागच सांगा. काही जाणवलं नाही तरी चालेल, उद्या पुन्हा सांगा. ऋतू बदलायला वेळ लागतो.

विठ्ठला, मला तुझ्याविषयी खूप माहिती आहे. आता तुझी सवय लाग. माझ्या गडबडीत ये, माझ्या जात्याला हात लाव. आणि मी तुला विसरलो, तरी तू एक पायरी खाली उतरून मला हाक मार.

राम कृष्ण हरी 🙏