झाकली मूठ



आईच्या पश्चात नागपूरचा दोन खोल्यांचा फ्लॅट विकायचे आम्ही भावंडांनी ठरवले. जाहिरातीचे काम तिथल्याच एका दलालाकडे दिले. फोटो, चौरस फूट, मजला, लिफ्ट, पार्किंग असे सगळे लिहून त्याने मजकूर व्हॉट्सॲपवर पाठवला. किमतीच्या जागी दोनच शब्द होते, ‘किंमत फोनवर’. मी विचारले, “आकडा तर आपण ठरवला आहे, मग लिहिला का नाही?” उत्तर आले, “सर, आकडा टाकू नका. पार्टी पाहून बोलू.”

“ठीक आहे,” असे कळवून मी मोकळा झालो. रविवारी वंदनेत पंचशील म्हणताना चौथ्या शीलापाशी ते शब्द आठवले. किंमत माहीत असून न सांगणे हे खोटे बोलणे आहे का?

सरळ उत्तर द्यायचे तर, नाही. न बोलणे म्हणजे खोटे बोलणे नव्हे. अभयराजकुमार सुत्तात भगवंत सांगतात की, जे सत्य आहे आणि हिताचेही आहे, ते तथागत योग्य वेळ पाहून बोलतात. म्हणजे मौनालाही जागा आहे. पण ते मौन कोणाच्या हितासाठी आहे, हे आपल्याला विचारावेच लागते.

इथे ब्रिटनमध्येही अशा जाहिराती दिसतात. विशेषतः महागड्या घरांच्या फोटोखाली ‘प्राइस ऑन ॲप्लिकेशन’ असे लिहिलेले असते. त्यामागे दर वेळी कपटच असते असे नाही. घर इतके वेगळे असते की तुलनेला दुसरे सापडत नाही. घटस्फोट किंवा मृत्यू झालेल्या घरात पैशांची चर्चा शेजाऱ्यापाजाऱ्यांत नको वाटते. लिलावात तर अखेरची किंमत विकणाऱ्यालाही आधी ठाऊक नसते. जे ठरलेलेच नाही ते न लिहिण्यात दोष नाही. प्रश्न येतो तो आकडा ठरलेला असून झाकला जातो तेव्हा.

आणि तो कायमचा झाकलेला राहतही नाही. इंग्लंड आणि वेल्समध्ये घर कितीला विकले गेले हे लँड रजिस्ट्रीच्या नोंदींत कोणालाही पाहता येते; १९९५ पासूनचे व्यवहार तिथे आहेत. म्हणजे व्यवहार झाल्यावर जगाला कळणारी गोष्ट फक्त व्यवहारापूर्वी, फक्त घेणाऱ्यापासून लपवलेली असते. २०२२ मध्ये नॅशनल ट्रेडिंग स्टँडर्ड्सने घरांच्या जाहिरातींसाठी मार्गदर्शन काढले. त्यात किंमत किंवा भाडे, कौन्सिल टॅक्सचा बँड आणि विक्री असेल तर फ्रीहोल्ड की लीजहोल्ड, ही माहिती जाहिरातीतच द्यावी असे सांगितले. कारण साधे आहे. ही माहिती नसेल तर माणूस निर्णय कशाच्या आधारावर घेणार?

पण माझ्या मनात रुतले होते ते ‘पार्टी पाहून’ हे शब्द. पाहायचे म्हणजे काय पाहायचे? फोन करणारा बोलतो कसा, राहतो कुठे, नोकरी सरकारी की खाजगी, बजेट किती. आणि आपल्याकडे या सगळ्याच्या आधी विचारला जाणारा प्रश्न असतो, “आडनाव काय?” लिहिलेली किंमत वाचणाऱ्याला काहीच विचारत नाही. न लिहिलेली किंमत आधी माणसाची चौकशी करते आणि मग ठरवते की याला किती सांगायचे, किंवा सांगायचे की नाही.

हे आपल्याला कोणी शिकवायला नको. विद्यार्थी असताना पुण्यात खोली शोधत होतो. एका घरी भाडे विचारले, तर मालकांनी पूर्ण नाव विचारले. नाव सांगितल्यावर खोली ‘कालच गेली’ होती. भाडे किती होते ते मला आजही माहीत नाही. बडोद्याला नोकरीसाठी गेलेल्या बाबासाहेबांना पारशी धर्मशाळेत नाव लपवून राहावे लागले आणि शेवटी लाठ्या घेतलेल्या जमावापुढे ती जागा सोडावी लागली. भाडे द्यायला त्यांच्याकडे पैसे होते. प्रश्न पैशाचा नव्हताच. एवढे भोगलेल्या समाजातला मी ‘पार्टी पाहून’ या शब्दांना “ठीक आहे” म्हणालो, याचीच मला लाज वाटली.

प्रत्येक न लिहिलेल्या किमतीमागे भेदभाव असतो असे मला म्हणायचे नाही. पण भेदभाव करायचा असेल तर त्याला लागणारी अंधारी जागा त्या रिकाम्या ओळीत तयार मिळते.

बाजाराला हे जुनेच ठाऊक आहे. आपल्याकडच्या धान्य बाजारात हत्ता पद्धत होती. रुमालाखाली अडत्या आणि व्यापारी बोटे दाबून भाव ठरवायचे आणि ज्याचा माल, तो शेतकरी शेजारी उभा राहून नुसता रुमाल पाहायचा. बाजार समित्यांनी उघड लिलाव आणला तो याच कारणासाठी. इंग्लंडमध्ये सतराव्या शतकात क्वेकर पंथाच्या व्यापाऱ्यांनी सर्वांना एकच भाव सांगण्याचा नियम धरला. त्यांच्या दृष्टीने तो सचोटीचा प्रश्न होता.

आपल्या परंपरेत सेरिवाणिज जातक आहे. एका गरीब आजी-नातीकडे मळलेले ताट असते. ते सोन्याचे आहे हे लोभी फेरीवाला ओळखतो. पण कवडीमोल ठरवून निघून जातो, म्हणजे मागाहून फुकटात मिळेल. दुसरा फेरीवाला त्यांना खरी किंमत सांगतो आणि जवळचे जवळजवळ सगळे देऊन ते ताट घेतो. दोघेही व्यापारीच होते, दोघांनाही नफा हवा होता. फरक एवढाच, की एकाने समोरच्याच्या अज्ञानावर कमाई करायची ठरवली आणि दुसऱ्याने ते अज्ञान आधी दूर केले. सम्यक आजीविका म्हणजे शस्त्र किंवा मद्य न विकणे एवढेच नव्हे, हे या गोष्टीतून कळते.

कोणी विचारेल, भावंडांना चांगली किंमत मिळवून देणे हे तुझे कर्तव्य नाही का? आहे. म्हणून आकडा पडेल असा ठेवायचे कारण नाही. घासाघीस करायलाही हरकत नाही. त्यात दोन्ही बाजू डोळे उघडे ठेवून बोलत असतात. फक्त सुरुवातीचा आकडा येणाऱ्या प्रत्येकाला तोच असावा.

मराठीत म्हण आहे, झाकली मूठ सव्वा लाखाची. महापरिनिब्बान सुत्तात भगवंत आनंदाला सांगतात की, धम्माच्या बाबतीत तथागताजवळ आचार्याची झाकलेली मूठ नाही. ज्याने सर्वांत मौल्यवान गोष्ट उघड्या हाताने दिली, त्याच्या अनुयायांनी दोन खोल्यांच्या किमतीसाठी मूठ का आवळावी?

मी दलालाला आकडा लिहायला सांगितले. तो नाराज झाला. फोन कमी येतात, असे तो म्हणतो. फ्लॅट अजून विकला गेलेला नाही आणि कदाचित थोडे कमीच मिळतील.

आपल्यापैकी अनेक जण इथे नव्याने येणाऱ्या विद्यार्थ्यांना खोल्या भाड्याने देतात. आपल्या ग्रुपवर त्या जाहिराती मी वाचतो: ‘स्टेशनजवळ, शाकाहारी चालेल, भाडे फोनवर.’ पहिल्यांदा देशाबाहेर आलेला एखादा मुलगा ती ओळ वाचून फोन करावा की नाही याचा विचार करत बसतो. त्याच्यासाठी तरी आकडा लिहूया.

भवतु सब्ब मंगलम्. जय भीम!