हरवलेल्या दुकानांची ओढ

कपडे, भांडी, फर्निचर, खेळणी असा सारा माल एका छताखाली, वेगवेगळ्या विभागांत विकणारे मोठे दुकान म्हणजे डिपार्टमेंट स्टोअर. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत अमेरिकेतील शहरांच्या मध्यवस्तीत या दुकानांचा सुवर्णकाळ होता. पुढे त्यांपैकी बहुतेक बंद पडली, पण त्यांच्याविषयीची हळहळ ओसरलेली नाही. बाजाराच्या जागेविषयी वाटणारी ही ओढ नेमकी कशाची आणि ती कितपत योग्य, हा तत्त्वज्ञानाचा प्रश्न आहे.

फिलाडेल्फियाचे वॉनामेकर हे अशा दुकानांचे ठळक उदाहरण. संस्थापक जॉन वॉनामेकर श्रद्धाळू प्रेस्बिटेरियन ख्रिस्ती होते. १८५८ मध्ये त्यांनी बेथनी संडे स्कूल काढले आणि १८७६ मध्ये रेल्वेच्या जुन्या मालधक्क्यात भव्य दुकान थाटले. सर्वांना एकच भाव आणि न आवडलेला माल परत करण्याची मुभा, ही त्यांच्या व्यापाराची तत्त्वे होती. घासाघीस नसल्याने गरीब-श्रीमंतांना किंमत सारखीच सांगितली जाई. १९११ मध्ये वास्तुविशारद डॅनियल बर्नहॅम यांनी आखलेल्या बारा मजली इमारतीचे लोकार्पण राष्ट्राध्यक्ष टाफ्ट यांच्या उपस्थितीत झाले. मधल्या उंच दालनात सेंट लुईसच्या १९०४ च्या जागतिक प्रदर्शनातील प्रचंड ऑर्गन वाजे आणि काशाच्या गरुडापाशी लोक एकमेकांना भेटत. तिथे थांबण्यासाठी काही विकत घ्यावे लागत नसे.

दुसऱ्या महायुद्धानंतर मोटारी वाढल्या आणि मध्यमवर्ग उपनगरांत गेला. १९५६ मध्ये मिनेसोटात साउथडेल हा बंदिस्त मॉल उघडला. गिऱ्हाईक अशा मॉलकडे वळले आणि मध्यवस्तीतली दुकाने ओस पडू लागली. डेट्रॉइटचे हडसन्सचे मुख्य दुकान १९८३ मध्ये बंद झाले; १९९८ मध्ये त्याची इमारत पाडली गेली. वॉनामेकरच्या इमारतीत पुढे चाललेले मेसीजचे दुकानही मार्च २०२५ मध्ये बंद झाले.

पातंजल योगदर्शनात राग हा पाच क्लेशांपैकी एक मानला आहे: भोगलेल्या सुखामागे धावणारी आसक्ती. वस्तूंच्या झगमगाटाची हळहळ या वर्गात बसते. पण आठवणींत वस्तूंपेक्षा भेटीगाठी, संगीत आणि अनोळखी माणसांनी केलेले आगतस्वागतच अधिक असते. ती भूक सहवासाची आहे, आणि तिला केवळ मोह म्हणून निकालात काढता येत नाही.

तरीही हा सहवास सर्वांच्या वाट्याला आला नव्हता. अटलांटातील रिचेस या दुकानात कृष्णवर्णीयांकडून मालाचे पैसे घेतले जात, पण मॅग्नोलिया रूम या उपाहारगृहात त्यांना बसू देत नसत. ऑक्टोबर १९६० मध्ये विद्यार्थ्यांनी तिथे सत्याग्रह केला आणि त्यांच्यासोबत मार्टिन ल्यूथर किंग यांनाही अटक झाली. सुवर्णकाळाची आठवण हा प्रसंग वगळत असेल, तर ती असत्य ठरते.

गतकाळाच्या ओढीचा अभ्यास करणाऱ्या स्वेतलाना बॉइम यांनी २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात तिचे दोन प्रकार सांगितले: जुने जसेच्या तसे उभारू पाहणारी आणि अंतराचे भान ठेवून चिंतन करणारी. पहिली इथे अन्यायासकट सारे परत मागते. दुसरी त्या काळातले चांगले आणि वाईट वेगळे करते, म्हणून तीच नैतिकदृष्ट्या ग्राह्य आहे. तिच्यातून निघणारे कर्तव्यही स्पष्ट आहे: कोणालाही काही विकत न घेता बसता येईल आणि कोणालाही दाराबाहेर ठेवले जाणार नाही, अशा जागा शहरांनी आज उभारल्या पाहिजेत.